गोदना : कातडीवरून कागदावर

मिथिला चित्रकलेविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात सीतास्वयंवराचे आणि कमळांचे कौतुक असते. १९६६ च्या सुमाराच्या दुष्काळात मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी मधुबनीच्या खेड्यांत गेले, तिथल्या बायांना कागद मिळाला, हेही अभिमानाने सांगितले जाते. पण या चित्रांची कीर्ती आधी कोणत्या घरांतून पसरली? ब्राह्मण आणि कायस्थ घरांतून. दुसाध बाई या कथेत उशिरा येते.

१९७० नंतरच्या दशकात एरिका मोझर या जर्मन अभ्यासक बाईंनी जितवारपूरच्या दुसाध बायांना कागदावर चित्रे काढण्यास सुचवले. चानो देवींनी वरच्या घरांतले देव उसने आणले नाहीत. आपल्या बायांच्या अंगावरचे गोंदण त्यांनी काजळीच्या शाईने आणि बांबूच्या काडीने कागदावर उतरवले.

ही रचना नीट पाहावी. मध्यभागी झाड किंवा हत्तीवरचा राजा सलहेस, भोवती वर्तुळात वर्तुळ, आणि ओळीने माणसे, जनावरे, फुले. प्रस्थापित समीक्षा याला 'भाबडी', 'अलंकारिक' म्हणून मोकळी होते. हा आळस आहे. सुई ठिपका देते, ठिपक्यांची रेघ होते आणि रेघेचे वर्तुळ. ही भूमिती हत्याराने आणि कष्टाने घडवलेली आहे. आणि सलहेस हा दुसाधांचा लोकनायक. ज्यांना दुसऱ्यांच्या देवळाबाहेर उभे केले गेले, त्यांनी आपला राजा कागदाच्या मध्यभागी बसवला. यात भाबडे काय आहे?

तरीही गोंदणाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. पोरीला धरून बसवून तिचे अंग टोचायचे, तिला कोणी विचारायचे नाही. 'मेल्यावर हाच दागिना बरोबर येतो' असे आपल्या आज्याही म्हणत. सोने ज्यांच्या वाट्याला आले नाही, त्यांनी करून घेतलेली ती समजूत होती. आज शहरांत काळ्या-करड्या छटांची वर्तुळे हौसेने दंडावर काढून घेतात. ती हौस आणि ही सक्ती एका मापाने मोजू नये. कागदावर मात्र जो हात टोचून घेत होता, तोच रेघ ओढू लागला. काय काढायचे हे तो ठरवू लागला. गोदना चित्राचे मोल इथे आहे.

२०२४ साली शांती देवी पासवान आणि शिवन पासवान या दांपत्याला पद्मश्री मिळाली. आनंदच आहे. परंतु याच चित्रांना जाणकारांनी 'हरिजन शैली' अशी चिठ्ठी लावली होती, हे विसरता येत नाही. कलावंताची जात सांगून झाली की त्याच्या रेघेबद्दल बोलण्याची गरज उरत नाही, अशी या समीक्षेची सोय आहे. ही सोय आपण मोडली पाहिजे. रेघ समोर आहे, तिच्याबद्दल बोला.