पाऊल तेच, अंतर वेगळे

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला काही शिक्षकांशी विज्ञानातील सोप्या प्रयोगांविषयी बोलत असताना एका शिक्षिका बाईंनी आपली वही आमच्यापुढे ठेवली. पाड्यापासून शाळेपर्यंतची पायवाट त्यांनी मनगटावरच्या पट्ट्याने, म्हणजे ज्याला सर्वजण फिटनेस बँड म्हणतात त्याने, दोनदा मोजली होती. पहिल्या नोंदीत १६४० पावले आणि १.०८ किलोमीटर असे आकडे होते. पंधरा दिवसांनंतरच्या दुसऱ्या नोंदीत १६१० पावले आणि ०.९५ किलोमीटर. वाट तीच, चालणाऱ्या बाई त्याच, पट्टाही तोच. मधल्या काळात एवढेच घडले होते, की एका रात्री पट्ट्याने आपली आतली आज्ञावली अद्ययावत करून घेतली होती.

“यातला खरा आकडा कोणता?” असा बाईंचा प्रश्न होता.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. शिक्षण हक्क कायद्याखालील महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असणे अपेक्षित आहे. एवढ्या अंतरात शाळा नसेल तर मुलांना वाहतूक भत्ता देण्याची सोय आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा ‘जवळची’ म्हणजे किती जवळची, हा वादाचा मुद्दा झाला होता. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर किलोमीटरचा हा काटा कोणत्या बाजूला झुकतो यावर सहा वर्षांच्या मुलाचे रोजचे चालणे ठरू शकते. आणि येथे तर पट्ट्याचा पहिला आकडा रेषेच्या पलीकडचा व दुसरा अलीकडचा होता! म्हणून या उपकरणाचे थोडे कठोर परीक्षण करावे असे आम्हाला वाटले.

मोजणी आणि अंदाज

पट्ट्यात त्वरणमापक नावाचा एक अतिसूक्ष्म संवेदक असतो. परस्परांना काटकोनात असलेल्या तीन दिशांत पट्ट्याच्या गतीत होणारा बदल तो सेकंदाला अनेकदा टिपतो. आपण चालतो तेव्हा हात लयीत पुढेमागे होतो आणि प्रत्येक पावलागणिक शरीराला हलका धक्का बसतो. या नोंदींचा आलेख काढला तर लाटांची एक माळ दिसते. कोणत्या लाटेला पाऊल म्हणायचे आणि कोणती सोडून द्यायची, हे आज्ञावली ठरवते. लाट अमुक उंचीपेक्षा मोठी हवी, दोन लाटांमधील वेळ अमुक मर्यादेत हवा, सलग काही लाटा आल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही, अशा प्रकारचे हे नियम असतात.

अर्थात पट्टा पावले मोजत नाही. तो मनगटाची हालचाल पाहून पावलांचा तर्क करतो. सपाट रस्त्यावर, मोकळ्या हातांनी, नेहमीच्या वेगाने चालल्यास हा तर्क चांगला जमतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण आपल्याकडचे चालणे नेहमी असे नसते. भातसा आणि तानसा या मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयांचा तालुका म्हणजे शहापूर. आणि याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडा घेतलेली बाई एका हाताने तो धरून चालते. तो हात झुलत नाही. पट्टा त्याच मनगटावर असेल तर तिची बरीच पावले त्याच्या हिशेबात येणारच नाहीत. उलट भाकऱ्या थापताना किंवा खडबडीत रस्त्यावरून मोटारसायकलवर जाताना न टाकलेली पावले जमा होऊ शकतात. सर्वांत कष्टाचे चालणे ज्याला नीट दिसत नाही, अशा उपकरणाच्या आकड्यावरून कोण किती चालते हे ठरवताना सावध राहिले पाहिजे.

अंतराची गोष्ट आणखी एक पायरी दूरची आहे. पावलांच्या संख्येला एका पावलाच्या लांबीने गुणले की अंतर मिळते. ही लांबी पट्ट्याला ठाऊक नसते. आपण सुरुवातीला भरलेल्या उंचीवरून तो ती गृहीत धरतो. यासाठी प्रचलित असलेला एक ठोकताळा म्हणजे उंचीच्या सुमारे ०.४१३ पट. आमच्या बाईंची उंची १६० सेंटिमीटर. त्यावरून पाऊल ६६ सेंटिमीटरचे येते.

आता त्यांच्या वहीतील आकड्यांचा साधा भागाकार करून पाहू. पहिल्या दिवशी १०८० मीटर भागिले १६४० पावले, म्हणजे ६५.९ सेंटिमीटर. ठोकताळ्याशी हा आकडा जवळजवळ तंतोतंत जुळतो. दुसऱ्या दिवशी ९५० भागिले १६१०, म्हणजे ५९ सेंटिमीटर! पावलांच्या संख्येत दोन टक्क्यांहूनही कमी फरक पडला; एवढा फरक एकाच व्यक्तीच्या दोन फेऱ्यांत सहज पडतो. अंतर मात्र बारा टक्क्यांनी घटले. म्हणजे बाईंच्या चालण्यात फारसा बदल झालेला नव्हता. एका पावलाची किंमत बदलली होती. संथ चालीत पाऊल आखूड धरण्याचा एखादा नियम नव्या आज्ञावलीत घातला असावा, असा आमचा तर्क आहे. पण तो तर्कच राहणार, कारण अद्ययावत करताना पडद्यावर कामगिरी सुधारल्याची एक ओळ आली, याहून अधिक काहीही बाईंना सांगण्यात आलेले नव्हते.

उपग्रहांची मदत घेतली तर?

येथे कोणी म्हणेल, की पावलांचा नाद सोडावा आणि जीपीएस वापरावे. उपग्रहांच्या संदेशांवरून फोन आपले स्थान काढतो हे खरे. मोकळ्या आकाशाखाली त्यात साधारण पाच मीटरची चूक असते. पण वाटेचे अंतर काढताना अशा अनेक स्थानबिंदूंना रेषांनी जोडावे लागते. बिंदू फार जवळजवळ घेतले तर प्रत्येकाची लहान चूक रेषेला नागमोडी करते आणि अंतर फुगते. फार दूरदूर घेतले तर वाटेची वळणे कापली जातात आणि अंतर आखडते. किती सेकंदांनी बिंदू घ्यायचा आणि रेषा किती गुळगुळीत करायची, हेही आज्ञावलीच ठरवते. मुरबाडकडे माळशेज घाटाच्या पायथ्याशी कड्यांनी बरेचसे आकाश झाकलेले असते, आणि संदेश कातळावर आदळून उशिरा पोचतात. तेथे चूक वाढते. शिवाय बॅटरी पुरावी म्हणून एखाद्या नव्या आवृत्तीत बिंदू विरळ केले, तर घाटातील वळणावळणाची वाट एका रात्रीत ‘सरळ’ होईल.

मोजणाऱ्यांची जुनी शिस्त

उपकरण बदलणे यात गैर काहीच नाही. सुधारणा व्हायलाच हवी. गैर आहे ते न सांगता बदलणे, आणि जुन्या व नव्या आकड्यांचा सांधा न जुळवणे. या बाबतीत आपल्याकडची जुनी मोजणी पाहण्यासारखी आहे. मुंबई इलाख्यात जमीन ३३ फुटांच्या साखळीने मोजली जाई. तिचे सोळा आणे पडत, आणि ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. लोखंडी साखळी वापराने ताणते, कड्या झिजतात. म्हणून साखळी अधूनमधून प्रमाण लांबीशी ताडून पाहणे हा मोजणीचा पहिला धडा होता. साखळीने मोजणारा निदान एवढे तरी जाणत होता, की आपली साखळी ताणलेली असू शकते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे नोंदी बिघडणार, हे दिसताच नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला हलवले. पण कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केले असे झाले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे दोहोंतील फरक कळला, आणि कुलाब्याची जुनी मालिका अलिबागच्या नव्या मालिकेला जोडता आली. हवामानाच्या नोंदींतही तापमापक बदलताना जुना व नवा काही काळ शेजारी शेजारी ठेवावा, असा संकेत आहे.

वाण्याच्या तराजूचीही ठराविक मुदतीने पडताळणी होते आणि त्यावर शिक्का बसतो. पट्ट्याचा तराजू मात्र दूरवर बसलेला कोणीतरी आपण झोपेत असताना उघडतो, आतला काटा हलवतो आणि पुन्हा बंद करतो. पट्टा बनवणारे म्हणतील, की हे व्यायामाला उत्तेजन देणारे साधन आहे, मोजणीचे नव्हे. पावले मोजण्याच्या यंत्राचा प्रसार झाला तो अशाच हेतूने. जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या यंत्राचे ‘मॅनपो-केई’ हे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे होते. काल किती चाललो, आज किती, एवढेच पाहायचे असेल तर दहा टक्क्यांच्या चुकीने काही बिघडत नाही. पण मग अंतर किलोमीटरच्या शतांशापर्यंत कशाला दाखवायचे? १.०८ असे लिहिणाऱ्याने शेवटच्या आठाची जबाबदारीही घेतली पाहिजे. आणि काल व आज यांच्यामध्ये आज्ञावली बदलली असेल, तर ती साधी तुलनाही उरत नाही.

सायकलच्या चाकाचा निवाडा

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी एका सायकलने दिले. हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल, म्हणून तपशिलाने सांगतो.

पुढच्या चाकाच्या एका आरीला रंगीत चिंधी बांधली. शाळेच्या अंगणात चिंधी जमिनीशी असताना खडूने खूण केली आणि सायकल हाताने सरळ ढकलत चाकाचे दहा फेरे होऊ दिले. टेपने मोजलेले अंतर भरले २१ मीटर, म्हणजे एका फेऱ्याला २.१० मीटर. एकच फेरा न मोजता दहा मोजले, कारण खूण करण्यातील चूक त्यामुळे दहा जणांत वाटली जाते. मग दोन मुले फेरे मोजत आणि एक मूल दर पन्नासाला वहीत रेघ ओढत, सायकल पाड्यापर्यंत नेली. फेरे झाले ४९३, म्हणजे १०३५ मीटर. मधला कोरडा ओढा सायकल उचलून ओलांडला. तेथील ८ मीटर टेपने मोजून मिळवले. एकूण १०४३ मीटर.

चाकाच्या घेरात दोन सेंटिमीटरची चूक धरली तरी ती सुमारे एक टक्का, म्हणजे दहा मीटर होते. तेव्हा वाट एक किलोमीटरहून जास्त आहे, असे विश्वासाने म्हणता येते. पट्ट्याची जुनी आवृत्ती ३७ मीटर जास्त सांगत होती आणि ‘सुधारलेली’ आवृत्ती ९३ मीटर कमी! यावरून नवी आवृत्ती सर्वांसाठी वाईट ठरते असे मात्र नाही. उंच माणसासाठी किंवा डांबरी रस्त्यावर तीच अधिक बरी ठरेल. आपल्या वाटेवर, आपल्या पावलांसाठी ती कशी आहे, हे आपणच ताडून पाहायचे असते.

शिक्षकांनी मुलांकडून हे ताडून पाहण्याचे काम अवश्य करून घ्यावे. टेपने शंभर मीटरची रेषा आखावी, मुलांनी ती चालावी, पावले तोंडाने मोजावीत आणि पट्ट्याच्या किंवा फोनच्या आकड्याशी तुलना करावी. एकदा हात मोकळे ठेवून, एकदा डोक्यावर दप्तर धरून, एकदा चढावर. प्रत्येक नोंदीपुढे तारखेबरोबर आज्ञावलीच्या आवृत्तीचा क्रमांक लिहावा. तो उपकरणाच्या माहितीच्या पानावर सापडतो. आवृत्ती बदलली की हीच शंभर मीटरची रेषा पुन्हा चालावी. कुलाबा-अलिबागची शिस्त ती हीच, फक्त शाळेच्या अंगणातली.

चाकालाही सर्व काही कळते असे नाही. आम्ही मोजली ती हिवाळ्यातील वाट. जुलैत ओढा भरला, की मुलांना पुलावरून वळसा घालून यावे लागते, आणि तो वळसा कोणत्याच आकड्यात आलेला नाही. बाईंनी आता वहीत ‘कोरड्या दिवसांची वाट, १०४३ मीटर, सायकलने मोजली’ असे लिहिले आहे. त्याखाली पावसाळ्याच्या वाटेसाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.