नदीचा कैवार आणि स्तोत्रकाव्य : सायलेंट व्हॅलीच्या वाङ्मयाचा विचार

धरणांच्या निमित्ताने निर्माण झालेल्या ज्या वाङ्मयाशी मराठी वाचकाचा परिचय आहे, ते मुख्यतः विस्थापितांचे वाङ्मय होय. १९२१ साली मुळा व निळा ह्या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीचे धरण होऊ लागले, तेव्हा सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी जो सत्याग्रह केला, त्याची घोषणाच जान आणि जमीन ह्या दोन शब्दांवर उभी होती. पुढे सात दशकांनी, १९९१ साली, विश्वास पाटील ह्यांची 'झाडाझडती' ही कादंबरी प्रसिद्ध झाली; तिचाही नायक धरणग्रस्त माणूसच आहे. ह्या दोन्ही ठिकाणी नदी आहे, परंतु ती पार्श्वभूमी म्हणून. फिर्याद आहे ती माणसाची. ह्यात गैर काही नाही. ज्याचे घर बुडते त्याने बोलावे आणि वाङ्मयाने त्याचे बोलणे टिपून ठेवावे, हा क्रम स्वाभाविकच म्हटला पाहिजे. परंतु ज्या खोऱ्यात कोणाचेच घर बुडत नाही, तेथे बोलावयाचे कोणी? आणि कोणत्या भाषेत? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार केरळातील सायलेंट व्हॅलीच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात पाहू. पालक्काड जिल्ह्याच्या उत्तर भागात, निलगिरीच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत हे खोरे आहे. त्यातून वाहणाऱ्या नदीचे नाव कुंतिप्पुळा. पुळा म्हणजे नदी. खोऱ्यात जेथे धरण बांधावयाचे योजिले होते त्या स्थळाचे नाव सैरंध्री. पांडवांच्या वनवासाशी हा प्रदेश लोकमानसाने असा जोडून ठेवला आहे. १९७३ साली नियोजन मंडळाने येथील जलविद्युत् योजनेस मान्यता दिली. तीतून १२० मेगावॉट वीज मिळावी, तसेच पालक्काड व मलप्पुरम ह्या जिल्ह्यांतील शेतीस पाणी मिळावे, असा हेतू होता. बुडणार होते ते सुमारे ८.३ चौरस किलोमीटर क्षेत्र, आणि त्यात मनुष्यवस्ती नव्हती. योजनेच्या पुरस्कर्त्यांना हीच तिची सर्वांत मोठी सोय वाटत होती. कोणाचे पुनर्वसन करावयाचे नाही, कोणाला मोबदला द्यावयाचा नाही. बुडणार ते केवळ सदाहरित अरण्य, त्यातील सिंहपुच्छ वानर, आणि वाहत्या नदीचे वाहणे.

ह्या योजनेस नागरिकांनी जो विरोध केला त्याची भाषा दुहेरी होती. एक भाषा अहवालाची. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही संस्था १९६२ साली, विज्ञान मल्याळम् भाषेत लिहिले जावे ह्या उद्देशाने स्थापन झाली होती. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद हे तिचे एक प्रमुख कार्यकर्ते. १९७९ साली परिषदेने योजनेचे तांत्रिक, आर्थिक व सामाजिक-राजकीय परीक्षण प्रसिद्ध केले. त्याच्या पाच लेखकांत वनस्पतिशास्त्रज्ञ होता, अभियंते होते आणि अर्थशास्त्रज्ञही होता. दुसरी भाषा काव्याची. सुगतकुमारी ह्या कवयित्रीची 'मरत्तिनु स्तुति', म्हणजे 'वृक्षस्तुती', ही कविता ह्या चळवळीच्या बहुतेक सभांच्या आरंभी प्रार्थनेसारखी म्हटली जाई. स्वतः सुगतकुमारी आणि त्यांच्या बरोबरीने पुढे आलेले कवी ह्यांना विरोधकांनी 'मरक्कवी', म्हणजे झाडांचे कवी, असे उपहासाने संबोधिले.

हा उपहास केवळ राजकीय नव्हता. त्यात एक वाङ्मयीन आक्षेपही दडलेला होता. विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट कार्यासाठी, सभेत म्हणावयास लिहिलेली कविता ही कविता की प्रचारपत्रक? मराठीत ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ह्यांच्या नावांशी निगडित झालेला कला की जीवन हा वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या आक्षेपाचे स्वरूप वेगळे सांगावयास नको. तथापि ह्या वादात एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. प्रसंगासाठी लिहिलेल्या कृतीचे मूल्य तिच्या प्रसंगावरून ठरत नाही. त्या प्रसंगाला तिने कोणते रूप शोधून काढले, त्यावरून ठरते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे 'कीचकवध' नाटक १९०७ सालचे. कीचकाच्या आड कर्झन आणि सैरंध्रीच्या आड भारतभूमी प्रेक्षकांनी अचूक ओळखली, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. कर्झन गेला, ते राज्यही गेले. परंतु अज्ञातवासातील राणीची विटंबना आणि भर सभेत गप्प राहणारे तिचे कैवारी ही नाट्यवस्तू आजही उभी आहे, कारण खाडिलकरांनी प्रसंगाला नुसते शब्द दिले नाहीत, रूप दिले. पुढे ज्या स्थळी धरण व्हावयाचे होते त्यानेही सैरंध्रीचेच नाव धारण केलेले असावे, हा योगायोग. परंतु कसोटी तीच लावली पाहिजे.

सुगतकुमारींनी शोधलेले रूप स्तोत्राचे आहे. येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. मल्याळम् न जाणणाऱ्या वाचकास ह्या कवितेच्या नादाचे व पद्यबंधाचे मूल्यमापन करता येणार नाही; तिच्या रचनातत्त्वाचा विचार मात्र करता येतो. स्तोत्र हा काव्यप्रकार भारतीय भाषांत इतका रुळलेला आहे की त्याच्या विशेषांकडे आपले लक्षच जात नाही. त्याचा पहिला विशेष असा की, ते द्वितीय पुरुषात बोलते. वृक्ष हा ज्याच्याविषयी बोलावयाचे असा विषय न राहता ज्याच्याशी बोलावयाचे असा 'तू' होतो. दुसरा विशेष असा की, स्तोत्र युक्तिवाद करीत नाही. ते उपकार मोजते, परंतु किंमत करीत नाही. सुगतकुमारी वृक्षाला नीलकंठ शिवाच्या रूपात पाहतात : विष स्वतः प्राशन करावयाचे आणि जगाला जीवन द्यावयाचे. वनस्पती कर्बवायू शोषून घेतात आणि प्राणवायू सोडतात हा शाळेच्या क्रमिक पुस्तकातील धडा. समुद्रमंथनातील हलाहल ही घरोघरी सांगितलेली कथा. ह्या दोन्ही गोष्टी वाचकाला आधीपासून ठाऊक आहेत. परंतु त्या एकमेकींवर ठेविल्या की जे ज्ञान होते ते ऋण होते. उपमेचे सामर्थ्य येथे अलंकरणाचे नाही, नाते जोडण्याचे आहे. ज्या खोऱ्यात वादी नव्हता, तेथे ह्या कवितेने प्रथम एक 'तू' उभा केला. खटला चालण्यापूर्वी वादी असावा लागतो. स्तोत्राने तो पुरविला.

अहवालाच्या भाषेशी तुलना केली असता ह्या रूपाचे आणखी एक बळ ध्यानात येते. १९७६ साली मुंबईचे निसर्ग-अभ्यासक जफर फतेहअली ह्यांच्या अध्यक्षतेखाली एका अभ्यासगटाने ह्या योजनेचे परीक्षण केले. योजना सोडून द्यावी, असे त्या गटाचे मत होते. परंतु ती सोडणे शक्यच नसेल तर कोणत्या अटी पाळाव्यात, हेही त्याने जोडून सांगितले. पुढे राज्यसरकारने मूळ मत बाजूस ठेवून अटी तेवढ्या उचलल्या; त्या पाळण्याच्या आश्वासनावर योजना पुढे रेटली गेली. ह्यात अभ्यासकांच्या प्रामाणिकपणाला दोष देता येत नाही. अहवालाच्या भाषेत 'तथापि' हा शब्द अपरिहार्य असतो, आणि ज्याला मूळ मत नको असते तो त्या 'तथापि'चा आश्रय घेतो. स्तोत्रात 'तथापि' नसतो. ज्याला वंदन केले त्याला सशर्त बुडविता येत नाही.

परंतु समीक्षकाने येथेच थांबून चालणार नाही. ज्या गुणामुळे ही कविता प्रभावी ठरली त्याच गुणात तिची उणीवही आहे. स्तुती वृक्षाची आहे, अरण्याची नव्हे. नदीची तर नव्हेच. वृक्ष हा सामान्यवाचक शब्द आहे. सागाच्या लागवडीतील झाडही वृक्षच, आणि रस्त्याकडेचे निलगिरीचे झाडही वृक्षच. तोडलेल्या झाडांच्या बदली दुसरीकडे तितकीच झाडे लावून देऊ, असे धरणाचा एखादा कैवारी म्हणाला असता, तर केवळ वृक्षस्तुतीच्या आधारे त्याला उत्तर देता आले नसते. सायलेंट व्हॅलीचा मुद्दा झाडांच्या संख्येचा नव्हता. असंख्य वर्षे अखंड राहिलेले सदाहरित अरण्य, त्याला धरून राहणारे प्राणी, आणि त्या सर्वांना बांधून ठेवणारा नदीचा अनिर्बंध प्रवाह ह्यांच्या परस्परसंबंधाचा तो मुद्दा होता. तो मांडला अहवालाने. मलबारातील विजेची टंचाई निर्मितीइतकीच किंबहुना अधिक वितरणाची आहे, आणि तिला दुसरे उपाय आहेत, हेही परिषदेच्या परीक्षणानेच दाखविले. काव्याने वादी उभा केला हे खरे. परंतु त्याची बाजू मांडली ती गद्याने. ह्या दोघांपैकी एकाचेच श्रेय गाणारे विवेचन एकांगी होईल.

नदी मात्र ह्या काव्यात दुय्यमच राहिली, ही खंत उरते. आणि मल्याळम् काव्याला नदीचे वावडे होते असेही नव्हे. कुंतीचे पाणी तूतप्पुळेतून भारतप्पुळेस मिळते आणि पुढे कुट्टिप्पुरमच्या पुलाखालून समुद्राकडे जाते. ह्याच पुलावर इडश्शेरी गोविंदन नायर ह्यांनी 'कुट्टिप्पुरम् पालम्' ही सुप्रसिद्ध कविता लिहिली. नव्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाला अभिमान वाटतो आणि त्याच क्षणी त्याचे मन कातरते. गाव हरवत चालले आहे, आणि ही माताही एके दिवशी गटार होऊन जाईल काय, असा प्रश्न त्याला पडतो. येथे स्तुती नाही, शंका आहे. कवी यंत्रयुगाच्या बाहेर उभा नाही. तो पुलावरच उभा आहे. वृक्षस्तुतीत ही अवघड जागा नाही. वीज वापरणारा, धरणाचे पाणी पिणारा जो आपण, त्याला स्तोत्रात फक्त हात जोडावयाचे काम उरते. भाविक आणि दैवत ह्यांच्या दरम्यान गुन्हेगार कोठे उभा राहणार? काव्य म्हणून पाहता इडश्शेरींची कविता ह्या बाबतीत अधिक प्रौढ वाटते. मात्र तिने सभेचा आरंभ करता आला नसता, हेही तितकेच खरे.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. उच्च न्यायालयात दाद मागणारी याचिका १९८० च्या आरंभी फेटाळली गेली. कायद्याच्या मार्गाने जे साधले नाही ते लोकमताने साधावयाचे होते. केंद्र व राज्य सरकारांनी एम. जी. के. मेनन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर १९८३ साली योजना सोडून देण्यात आली, १९८४ साली हे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि १९८५ साली राजीव गांधी ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ह्या निर्णयात शास्त्रज्ञांचा, इंदिरा गांधींच्या व्यक्तिगत आस्थेचा आणि गावोगाव सभा घेणाऱ्या शिक्षक-विद्यार्थ्यांचा वाटा किती, हे ठरविणे इतिहासकारांचे काम आहे. एका कवितेने नदी वाचविली, असे विधान करणे भाबडेपणाचे होईल. मात्र त्या सर्वांना एकत्र बसविणाऱ्या सभेचा आरंभ एका कवितेने होत असे, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने नगण्य मानू नये.

ह्या विवेचनातून मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने एक प्रश्न निर्माण होतो. धरणग्रस्ताचे दुःख मांडणारी समर्थ परंपरा आपणापाशी आहे, आणि तिचे महत्त्व तिळमात्र कमी करावयाचे नाही. निर्मनुष्य अरण्याची स्तुती करता करता त्याच्या सीमेवर राहणाऱ्या आदिवासींचा विसर पडण्याचा धोका स्तोत्रात असतो; सायलेंट व्हॅलीस लागूनच अट्टप्पाडीच्या इरुळ, मुडुग, कुरुंब ह्या जमातींचे जीवन आहे, आणि सुगतकुमारींनी पुढे त्याच परिसरात उजाड डोंगरावर वन उभे करण्याचे काम हाती घेतले, हे त्यांच्या कवितेवरील एक भाष्यच म्हणता येईल. परंतु मुळशीच्या घोषणेतील जान आणि जमीन ह्या दोन शब्दांच्या बाहेर जे उरते, ज्याचा सातबारा नाही, ज्याला मोबदला मिळत नाही आणि म्हणून ज्याची तक्रारही नोंदली जात नाही, त्याची बाजू कोणत्या रूपात मांडावयाची, ह्याचा विचार आपल्या वाङ्मयाने अद्याप पुरेसा केलेला नाही. आपणाकडे नद्यांची माहात्म्ये व स्तोत्रे विपुल आहेत. पण ती काठावर स्नान करणाऱ्याची आहेत. वाहत्या नदीच्या वतीने बोलणारे, आणि बोलताना स्वतःचा दोषही पदरी घेणारे काव्य निराळेच असेल. स्तोत्राचा 'तू' आणि पुलावर उभ्या असलेल्या माणसाचा अस्वस्थ 'मी' ही दोन्ही ज्यात एकत्र येतील, ते ह्या विषयाचे खरे रूप ठरेल. सायलेंट व्हॅलीच्या वाङ्मयाने त्यातील अर्धी वाट चालून दाखविली आहे. उरलेली वाट अमुक एका भाषेचीच मक्तेदारी नाही.