निःशस्त्र युद्धनौका आणि शस्त्रांच्या प्रतिकृती : अस्सलपणाची एक चिकित्सा

प्रस्तावना

युद्धनौका सेवेतून निवृत्त होते तेव्हा तिच्यावरील शस्त्रे बहुधा आधी उतरविली जातात. दारूगोळा भांडारात जमा होतो. तोफा अन्यत्र वापरल्या जातात किंवा भंगारात निघतात. पुढे त्याच नौकेचे संग्रहालय करावयाचे ठरले, की तोफांच्या रिकाम्या बैठकींवर काय ठेवावे, हा प्रश्न उभा राहतो. लाकूड, पत्रा अथवा फायबरग्लास यांच्या प्रतिकृती हे त्याचे नेहमीचे उत्तर होय. या प्रतिकृतींना अस्सल केव्हा म्हणावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कुंभार पिंपळगावसारख्या समुद्रापासून दूरच्या गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कारागिरीचा नाही. आरमार त्याला एखाद्या सहलीतच प्रत्यक्ष दिसते आणि तेथे जे दिसेल तेच त्याच्या लेखी प्रमाण ठरते.

प्रतिकृती हे एक विधान

या प्रश्नाचे स्वरूप अमेरिकेतील 'पीटी-३०५' या टॉर्पेडो नौकेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. न्यू ऑर्लिन्स येथे हिगिन्स कारखान्यात बांधलेली ही ७८ फुटी लाकडी नौका दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रात लढली. युद्धानंतर ती विकली गेली आणि कालवे काढण्याच्या धंद्यासाठी मागील बाजूने कापून तिची लांबी कमी करण्यात आली. न्यू ऑर्लिन्सच्या दुसऱ्या महायुद्धविषयक राष्ट्रीय संग्रहालयाने २००७ मध्ये ती मिळविली. स्वयंसेवकांच्या दीर्घ परिश्रमानंतर २०१७ मध्ये ती पाँचरट्रेन सरोवरात प्रवाशांना घेऊन फिरू लागली.

प्रवासी बसवून फिरणाऱ्या नौकेवर चालू स्थितीतील शस्त्रे ठेवता येत नाहीत. निकामी केलेली मूळ शस्त्रे किंवा प्रतिकृती, एवढेच पर्याय उरतात. परंतु प्रतिकृती करावयाची ती कोणत्या वर्षाची? या वर्गातील सुरुवातीच्या नौकांवर टॉर्पेडो नळ्यांतून सोडले जात. पुढे विमानातून टाकण्यासाठी तयार केलेले 'मार्क-१३' टॉर्पेडो आले. ते साध्या चौकटीवरून पाण्यात लोटले जात. म्हणजे एकाच प्रकारच्या नौकेची १९४२ ची आणि १९४४ ची शस्त्रसज्जता वेगळी होती. दोन्हींचे मिश्रण केल्यास जी नौका उभी राहते ती कोणत्याही दिवशी अस्तित्वात नव्हती.

दुसरा मुद्दा वजनाचा आहे. असा एक टॉर्पेडो सुमारे एक टनाचा असे. त्याच्या जागी पोकळ प्रतिकृती ठेवली, तर नौका पाण्यात किती बुडते आणि वळताना किती कलते, हे बदलते. डोळ्यांना अस्सल वाटणारी वस्तू नौकेच्या वर्तनात खोटी ठरू शकते. कोणती शस्त्रे, कोणत्या काळातील, कोणत्या पुराव्यावर, हे ठरविणे म्हणजे इतिहासाविषयी विधान करणे होय. आणि प्रत्येक विधानाला आधार दाखवावा लागतो.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने हीच शिस्त घालून दिली आहे. जेथे तर्काधारित अनुमान सुरू होते तेथे पुनरुज्जीवन थांबावे. हरवलेला भाग नव्याने घातल्यास तो एकूण रचनेत मिसळावा, पण मुळापासून वेगळा ओळखता यावा, असे तिचे म्हणणे आहे. ही सनद वास्तूंसाठी असली तरी नौकेलाही तिचे सूत्र लागू पडते.

'विक्रांत'चा धडा

मूळ वस्तू असली म्हणजे सत्य आपोआप कळते, असा समज मात्र बरोबर नाही. विमानवाहू 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. लोक ती १९७१ च्या युद्धातील नौका म्हणून पाहावयास जात. परंतु १९७१ मध्ये तिच्यावरील सी-हॉक आणि अलिझे विमाने वाफेच्या कॅटापुल्टने उडविली जात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते यंत्र काढून, सी-हॅरियरसाठी नाळेवर स्की-जंपचा चढ बांधण्यात आला. प्रेक्षकांपुढे उभे असलेले जहाज खरे होते, पण ते १९७१ चे नव्हते. येथे कोणतीही प्रतिकृती नसताना केवळ खुलाशावाचून गैरसमज शक्य होता.

२०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव हे संग्रहालय बंद झाले आणि २०१४ च्या अखेरीस जहाज तोडण्यास प्रारंभ झाला. आता 'विक्रांत'च्या कोणत्याही प्रतिकृतीची तुलना मूळ वस्तूशी करता येणार नाही. तपासणीचे साधनच गेल्यामुळे नोंदींचे मोल वाढले आहे.

कल्याण आणि त्यापुढील प्रश्न

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'टी-८०' ही निवृत्त जलद हल्ला नौका कल्याण येथे दुर्गाडी किल्ल्यालगतच्या खाडीकिनारी, नियोजित संग्रहालयासाठी आणण्यात आली. शिवकालीन आरमाराचा प्रारंभ या परिसराशी जोडला जातो. त्यामुळे आधुनिक नौकेशेजारी उद्या गुराब किंवा गलबत उभारावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. तेव्हा अनुमानाचा प्रश्न अधिक बिकट होईल. फेब्रुवारी १७५६ मध्ये आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गावर जळाले. गुराबेच्या नाळेतून पुढे रोखलेल्या दोन तोफांचे वर्णन अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. पण तोफेचा गाडा, दोरबंद आणि नक्षी यांविषयी कारागिराला बरेच काही कल्पनेने भरावे लागेल. भरण्यास हरकत नाही. मात्र कल्पना कोठे सुरू होते ते सांगितले पाहिजे.

एक आक्षेप

सूचनाफलकांनी दृश्याचा प्रभाव नाहीसा होतो, रिकामी बैठक पाहून मुलांना काहीच कळत नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्याचा उत्तरार्ध मान्य करावा लागतो. बैठकीच्या चार भोकांवरून तोफेची कल्पना करणे तज्ज्ञालाच जमते. म्हणून प्रतिकृती हवीच. पूर्वार्ध मात्र पटत नाही. मराठवाड्यातीलच उदाहरण पाहू. तेर येथे रोमन नाण्यांच्या मातीत केलेल्या प्रतिकृती सापडल्या आहेत. त्या सोन्याचे सोंग घेत नाहीत. माती ही माती म्हणूनच दिसते. तरीही, किंबहुना त्यामुळेच, सातवाहनकालीन तेरला रोमन नाणे परिचित होते आणि त्याचे अप्रूप होते, हे आपल्याला कळते. प्रामाणिक नक्कल स्वतःच पुरावा बनते; लपविलेली नक्कल मूळ पुराव्यालाही संशयास्पद करते.

निष्कर्ष

१. प्रतिकृती बसविण्यापूर्वी नौकेच्या आयुष्यातील कोणता काळ दाखवावयाचा ते निश्चित करून जाहीर करावे.
२. मूळ, निकामी केलेले आणि नव्याने केलेले असे तीन वर्ग प्रेक्षकाला जागेवरच ओळखता यावेत.
३. मोजमापे, छायाचित्रे व वापरलेले साहित्य यांची नोंद अभ्यासकांसाठी खुली ठेवावी.
४. नौकेचे युद्धोत्तर आयुष्य पुसून टाकू नये. कालवे काढणारी नौका हाही इतिहासच आहे.

सहलीला आलेला विद्यार्थी तोफेला हात लावून "ही खरी आहे का?" असे विचारतो. संग्रहालयाजवळ या प्रश्नाचे सरळ उत्तर तयार असणे, हाच त्याच्या अस्सलपणाचा पहिला निकष होय.