पिंपाचा चेलो

पॅराग्वे देशांतील आसुन्सिओन शहराच्या कडेस काटेउरा नांवाची कचराभूमि आहे. तेथील मुलांच्या वाद्यवृंदावरील ‘लँडफिल हार्मोनिक’ हा माहितीपट २०१५ सालीं प्रदर्शित झाला. फाविओ चावेस यांनीं २००६ सालीं तेथें संगीताचे वर्ग सुरू केले. शिकणारे पुष्कळ, वाद्यें मात्र थोडीं. तेव्हां कचरा वेंचणाऱ्या निकोलास गोमेस यांनीं तेलाच्या पिंपांचे चेलो व पत्र्याच्या डब्यांचीं व्हायोलिनें घडविलीं.

ही हकीकत ऐकून कोणाचेंही मन द्रवेल. परंतु द्रवलेलें मन म्हणजे जाणता कान नव्हे. दयेनें ऐकणारा बेसूर वादनालाही टाळ्या देतो, आणि त्यांत वादकाचाच उपमर्द होतो. आपल्या जलतरंगाचे प्याले तरी काय, घरांतल्यासारखेच! पाणी कमीअधिक करून ते स्वरांत मिळविले, कीं श्रोता भांडें विसरतो. माहितीपट वाद्यांची जन्मकथा मनापासून सांगतो. वादन मात्र तुकड्यातुकड्यांनीं ऐकवितो. हें न्यून लहान नव्हे. पिंपाच्या चेलोवर बाखची रचना वाजूं लागली, म्हणजे रसिकानें विचारावयाचें तें एवढेंच, कीं स्वर लागला कीं नाहीं? त्या मुलांचा खरा मान ह्या प्रश्नांतच आहे.