दंतचिकित्सेची संकेतसंहिता : एका व्यावसायिक परिभाषेचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

अमेरिकेतील दंतवैद्यकाची बिले आणि विम्याचे दावे यांविषयीचे लेखन बहुतांशी मार्गदर्शनपर स्वरूपाचे आहे. कोणता संकेतांक कोठे लिहावा, दावा कशामुळे परत येतो, कोणती क्ष-किरण चित्रे सोबत जोडावीत, एवढ्यातच त्याची मर्यादा संपते. या सर्व लेखनाच्या मुळाशी एकच सूत्र आहे. ज्याचे पैसे मिळतील ते लिहू नये; जे केले तेच लिहावे. सूत्र निर्विवाद आहे. परंतु केलेल्या कामासाठी परिभाषेत शब्दच नसेल, तर प्रामाणिक लेखन कसे करावयाचे, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. म्हणूनच या संहितेचा विचार तांत्रिक यादी म्हणून न करता, कर्ता, व्याकरण आणि परस्परविरोधी वाचक असलेली एक भाषा म्हणून करणे आवश्यक ठरते.

संहितेचे कर्तृत्व :

अमेरिकन डेंटल असोसिएशनने ही संहिता प्रथम १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. आज ती 'सीडीटी' या नावाने ओळखली जाते. 'डी' हे अक्षर आणि चार अंक, त्यापुढे प्रक्रियेचे नाव आणि आवश्यक तेथे तिचे वर्णन, अशी प्रत्येक नोंदीची रचना असते. 'हिपा' या १९९६ च्या कायद्यान्वये २००० मध्ये जे नियम झाले, त्यांनी इलेक्ट्रॉनिक दाव्यांसाठी हीच संहिता प्रमाण मानली. एका व्यावसायिक संघटनेची शब्दयोजना अशा रीतीने कायद्याची भाषा झाली.

या भाषेची मालकी कोणाची, हा वाद त्यापूर्वीच न्यायालयात गेला होता. डेल्टा डेंटल प्लॅन्स असोसिएशनने याच क्रमांकांचा व संक्षिप्त वर्णनांचा बराचसा भाग घेऊन स्वतःचे पुस्तक काढले, तेव्हा दंतवैद्यांच्या संघटनेने स्वामित्वहक्काचा दावा दाखल केला. प्रक्रियांच्या वर्गीकरणाला असे संरक्षण मिळू शकत नाही, असे कनिष्ठ न्यायालयाने ठरविले. १९९७ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. न्यायमूर्ती ईस्टरब्रुक यांचे विवेचन साहित्याच्या अभ्यासकालाही उद्बोधक वाटावे असे आहे. एकाच प्रक्रियेचे वर्गीकरण अनेक अंगांनी करता येते. त्यांतून एकाची निवड करणे ही सर्जनशील कृती आहे, असा त्याचा आशय. आपल्या दप्तरी हे संकेतांक लिहिणाऱ्या दंतवैद्यावर मात्र संघटनेला हक्कभंगाचा दावा करता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. निवडीतून वर्गीकरण घडते, हे एकदा मान्य केले की त्या निवडीत काय सुटले, हे विचारण्याचा अधिकार समीक्षकाला आपोआप प्राप्त होतो.

शब्दाचा अभाव :

दात स्वच्छ करण्याच्या नोंदी या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. 'डी१११०' म्हणजे प्रौढ रुग्णाची प्रतिबंधात्मक सफाई. 'डी४३४१' म्हणजे हिरड्यांखालील किटण काढून मुळांचा पृष्ठभाग गुळगुळीत करणे. हे उपचार आहेत, प्रतिबंध नव्हे. ते जबड्याच्या एकेका चतुर्थांशातील चार किंवा अधिक दातांसाठी आहेत आणि त्यांना दाताच्या आधाराची झीज गृहीत आहे. आता असा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा, ज्याच्या हिरड्या सर्वत्र सुजल्या आहेत, स्पर्श होताच रक्त येते, किटणाचे थर जमले आहेत, परंतु हाड अद्याप शाबूत आहे. त्याची केलेली सफाई पहिल्या नोंदीत मावत नव्हती आणि दुसरी लिहिणे असत्य ठरत होते. पहिली लिहावी तर श्रमाचे मोल बुडते, दुसरी लिहावी तर खोटा दावा होतो. 'डी४३४६' हा संकेतांक २०१७ मध्ये आला, तेव्हा ही पोकळी भरली. तत्पूर्वी अनेक वर्षे 'जे केले तेच लिहावे' हा उपदेश, जे लिहिता येत नव्हते त्याच्याही बाबतीत केला जात होता. येथे दोष लिहिणाऱ्याच्या नीतीपेक्षा भाषेच्या दारिद्र्याचा अधिक होता, असे म्हणणे भाग आहे. संहितेत आता दरवर्षी सुधारणा होतात, ही त्या दारिद्र्याची एक प्रकारे कबुलीच होय.

दोन वाचक :

संकेतांक लिहिणारा एक असतो आणि त्याचा अर्थ लावणारा दुसरा. विमा योजना दोन वेगळ्या प्रक्रिया एकत्र करून एकीचेच पैसे देते. कॅप बसविण्यापूर्वी दाताचा मोडलेला भाग उभारणे, म्हणजे 'डी२९५०', हे पुष्कळदा कॅपच्या किमतीतच धरले जाते. येथे संहितेचे वर्णन विमा कंपनीच्या शंकेलाही जागा देते. खाचखळगे बुजविण्यापुरते केलेले काम म्हणजे ही प्रक्रिया नव्हे. कॅपला पकड मिळण्याइतका दात उरलेला नसेल तरच ती लागू होते, असे त्यात सांगितले आहे. तसेच दाढेत दाताच्या रंगाचे सिमेंट भरले असता काही योजना चांदी भरण्याच्या दरानेच पैसे देतात. संकेतांक अस्तित्वात आहे म्हणून त्याचे पैसे मिळतीलच असे नाही. सर्वसामान्य रुग्णाला हे न समजल्याने त्याचा राग समोरच्या दवाखान्यावर निघतो. अमेरिकी दवाखान्यांच्या बिलांचे काम करणाऱ्या भारतातील कार्यालयांत आपले जे पदवीधर रात्रपाळी करतात, त्यांचाही बराच वेळ या दोन वाचनांतील अंतर मिटविण्यातच जातो.

मात्र भाषा अपुरी आहे आणि वाचक कंजूष आहे, म्हणून लेखकाला सर्व माफ होत नाही. साधा दात काढून 'डी७२१०' लिहिणे, म्हणजे हाड कापल्याचा किंवा दाताचे तुकडे केल्याचा दावा करणे, हे असत्यच. वार्षिक मर्यादा नव्याने सुरू व्हावी म्हणून डिसेंबरातील उपचाराला जानेवारीची तारीख घालणेही तसेच. रुग्णाने द्यावयाचा हिस्सा कंपनीला न कळविता परस्पर सोडून देणे हे अनेकांना औदार्य वाटते. संघटनेची आचारसंहिता त्याला जादा आकारणी म्हणते, कारण कंपनीला कळविलेली किंमत ही खरी किंमत उरत नाही. या शेवटच्या बाबतीत आचारसंहितेचा तर्क कठोर असला तरी अचूक आहे.

कारणाची जागा :

संहितेची सर्वांत मोठी उणीव तिच्या व्याकरणातच आहे. काय केले ते ती सांगते. का केले ते सांगत नाही. २०१२ मध्ये दावा-अर्जात निदानाच्या संकेतांकासाठी रकाने आले, परंतु दंतचिकित्सेच्या बहुसंख्य दाव्यांत ते रिकामेच राहतात. त्यामुळे कारण सांगण्याचे ओझे पस्तिसाव्या रकान्यावर, म्हणजे शेऱ्याच्या छोट्याशा चौकटीवर, येऊन पडते. हिरडीच्या कप्प्याची खोली किती मिलिमीटर, दाताची कोणती भिंत मोडली होती, जुनी कॅप कोणत्या वर्षी बसविली होती, हे तेथे साध्या वाक्यांत लिहावे लागते. आणि दवाखान्यातील मूळ नोंद त्याच दिवशी, रुग्ण खुर्चीवर असताना, नीट लिहिलेली असेल तरच ते लिहिता येते.