वाढ कशाला म्हणावी? : ‘ख्रिस्तपुराणा’च्या निमित्ताने

धर्मग्रामातील कुटुंबांच्या भेटीला गेलो असता एक प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो : ‘‘फादर, या देशात आपण वाढतो आहोत की घटतो आहोत?’’ खानेसुमारीचे उत्तर सोपे आहे. 2001 साली भारतात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा 2.3 होते, 2011 सालीही ते तेवढेच राहिले. परंतु श्रद्धेची वाढ केवळ डोकी मोजून कळते काय? या प्रश्नाचा विचार करताना फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’कडे वळावे, असे आम्हांस वाटते.

हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू 1579 साली गोव्यास आले आणि साष्टीत त्यांनी आयुष्य वेचले. 1616 साली रायतूर येथे त्यांचे पुराण छापून निघाले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्यांत आदिकथेपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतचा तारणाचा इतिहास आला आहे. परदेशी कवीने मराठीच्या गोडव्याचे केलेले स्तवन वाचून आपण सुखावतो, आणि बहुधा तेथेच थांबतो.

आमच्या मते या ग्रंथाचे खरे मोठेपण त्या स्तवनात नाही. ते त्याच्या घडणीत आहे. कवीने ओवी स्वीकारली, पुराणाची संवादपद्धती स्वीकारली आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास तो कचरला नाही. नवख्रिस्ती श्रोत्याच्या कानाला जी लय आईच्या मांडीवर लाभली होती, तिच्यातच सुवार्ता उतरली. बी परक्या कुंडीत न ठेवता या मातीत पेरले गेले.

तरीही समीक्षकाने अर्धेच सत्य सांगू नये. ज्या साष्टीत हे पुराण गायिले गेले, तेथील देवळे 1567 साली पाडण्यात आली होती. 1583 साली कुंकळ्ळीत पाच येशूसंघीय मारले गेले, आणि त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांनाही प्राणास मुकावे लागले. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या लोकांच्या हाती हे नवे पुराण आले. मूर्तिपूजेवरील त्यातील प्रहार वाचताना त्यामागे उभी असलेली राजसत्ता विसरता येत नाही. प्रेमाची कथा सांगणाऱ्या ओवीला ही सावली चिकटली आहे, हे आपण नम्रपणे मान्य केले पाहिजे.

आणखी एक उणीव, जी कवीच्या हातची नव्हती. ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. भाषा शेजाऱ्याची, अक्षरे मात्र त्याला अनोळखी! शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली ती 1956 साली, म्हणजे तब्बल 340 वर्षांनी. तोवर मराठी वाचकाला आपल्याच भाषेतील हे धन मुद्रित रूपात सहजी वाचता येत नव्हते.

याच्या शेजारी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ठेवून पाहावे. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो कोणत्याही सत्तेच्या धाकाने नव्हे. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि त्याच लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आज सर्व धर्मांच्या मराठी घरांत आपुलकीने वाचली जातात. आमच्या लेखी ही वाढ आहे. संख्येने ती मोजता येत नाही. पण शेजारी आपला ग्रंथ स्वतःचा समजून वाचतो, तेव्हा ती दिसते. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो विराजमान झाले, तेव्हाही ती दिसली.

मग ‘आपण वाढतो आहोत काय?’ या प्रश्नाला आम्ही उलट प्रश्न करतो. आपली मुले प्रार्थना कोणत्या भाषेत करतात? घरात बायबलशेजारी एखादे मराठी पुस्तक आहे काय? उपवासकाळात ‘ख्रिस्तपुराणा’तील पाच ओव्या तरी कुटुंबाने एकत्र वाचाव्यात. शब्द अडतील, तेव्हा शेजारच्या एखाद्या वारकरी आजोबांना जरूर विचारावे. स्टीफन्सही ही भाषा इथल्याच माणसांकडून शिकले होते.