संपादनाची नोंद आणि संहितेची शुद्धी

विद्यापीठीय नियतकालिकाचे संपादनकार्य संगणकीय प्रणालीवर नेणे म्हणजे टपालाचे काम संगणकाकडून करवून घेणे, एवढाच अर्थ सामान्यतः केला जातो. तो अपुरा आहे. जॉन विलिन्स्की यांनी १९९८ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आरंभिलेल्या 'पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट'ची 'ओपन जर्नल सिस्टिम्स' ही विनामूल्य प्रणाली उदाहरणादाखल घेता येईल. लेखस्वीकार, परीक्षण, संहितासंस्करण आणि निर्मिती अशा चार टप्प्यांत तीत कामाची विभागणी आहे. लेख परीक्षकाकडे केव्हा गेला, त्याने काय सुचविले, निर्णय कोणी दिला, याची नोंद तीत राहते. लेख संपादकाच्या खणात पडून राहिला, तर ते आता लपत नाही. हा गुण निःसंशय मोठा होय.

परंतु टप्पा पूर्ण झाल्याची नोंद म्हणजे संस्करण नव्हे. मराठीच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश झाला होता. तथापि ज्यांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेल्या असतात, असे टंक मराठी छपाईत त्यानंतरही दीर्घकाळ रूढ राहिले. अशा टंकातील लेख पीडीएफ रूपाने प्रणालीवर ठेवला, तर डोळ्यांना तो निर्दोष दिसतो. शोध घेऊ जाता मात्र त्यातील मराठी शब्द बहुधा सापडतच नाहीत. प्रकाशित झालेला लेख अभ्यासकाच्या दृष्टीने अप्रकाशितच राहतो.

रूपांतराने हा प्रश्न सुटतो, पण आपोआप नव्हे. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी छापला जातो, युनिकोडमध्ये मात्र त्याचा क्रम व्यंजनानंतरचा. रफाराची स्थिती याच्या उलट. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील अर्थभेद तर केवळ रकाराच्या लेखनावर अवलंबून आहे. रूपांतरात हा भेद पुसला गेला, तर आचाऱ्याचा आचार्य होईल, आणि प्रणाली तो टप्पा 'पूर्ण' म्हणूनच नोंदवील.

म्हणून स्थलांतराच्या योजनेत मुद्रितशोधकाचे काम अनावश्यक ठरविणे, ही काटकसर नव्हे. संहितेची हानी होय. रूपांतरित लेख मूळ प्रतीशी अक्षरशः ताडून पाहिल्यावाचून निर्मितीच्या टप्प्यात जाऊ नये, असा नियम संपादक मंडळानेच घालून घेतला पाहिजे. तो प्रणालीत आयता मिळणार नाही.